होडीचं माप

परवा फोनवर मामा म्हणाला, "होडी घेतलंस म्हणान सांगलंस, पण कशी आसा, केवढी आसा, काय्येक नाय. त्या तुझ्या ब्लॉगार तरी लिही!"

तर मामासाठी, आणि फोटो मागून मागून थकलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हा लेख. आधीच सांगून टाकतो, यात माझी होडी कमी आहे आणि एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा एक बारकासा, खोकणारा म्हातारा जास्त आहे. कारण होडी मी निवडली असली तरी ती कशी निवडायची हे त्याच्याकडून शिकलो. तेही आधी त्याचा अगदी उलटा अर्थ लावून झाल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, वल्ह्याने चालवायची हलकी होडी. इकडे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिराँडॅक नावाचा डोंगराळ, जंगलाचा प्रदेश आहे. तिथे तळ्यांना तळी लागून आहेत. एक तळं संपलं की होडी खांद्यावर घ्यायची, पायवाटेने चालत पुढच्या तळ्यावर जायचं, पुन्हा पाण्यात सोडायची. त्यामुळे इथे होडी किती हलकी हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, खांद्याचा आहे. आणि एकट्याने जायचं तर खांदे दोनच, आपलेच.

माझं वजन ११८ किलो, उंची सहा फूट. नातेवाईकांना हे माहीतच आहे, ब्लॉगवाल्यांना आज कळलं. पाच वर्षांपूर्वी एका तळ्यावर भाड्याने कनू मिळत होत्या तिथे मी हौसेने एकट्याची कनू मागितली. तिथल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही बोलला नाही, आणि समोर होती ती दिली. छोटी, सुबक, बारा फुटांची. मी बसलो. तिसऱ्या वल्ह्याला पाण्यात होतो. तळं कमरेएवढंच होतं, त्यामुळे धोका काही नव्हता. धक्क्यावर उभी असलेली आमची दोन्ही पोरं पोट धरून हसली. बायको हसली नाही. मला तेच जास्त लागलं.

घरी येताना गाडीत ठरवलं, आधी वजन उतरवू, मग होडी. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. वजन उतरल्यावर सूट शिवू, वजन उतरल्यावर ट्रेकला जाऊ, वजन उतरल्यावर फोटो काढू... अशा गोष्टींचं एक कपाटच आहे माझ्याकडे. होडीही त्यात गेली, आणि दोन वर्षं तिथेच राहिली.

मग एका उन्हाळ्यात ब्लू माउंटन लेकच्या म्युझियममध्ये गेलो. पूर्वीचं ॲडिराँडॅक म्युझियम, २०१७ पासून त्याचं नाव 'ॲडिराँडॅक एक्सपीरियन्स' आहे. तिथे मी 'सेअरी गँप' पाहिली. ती मूळची स्मिथसोनियनची, इथे उसनी आणलेली. लांबी ९ फूट, रुंदी २६ इंच, मध्यभागी खोली जेमतेम ६ इंच. पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्या, एकीच्या काठावर दुसरी चढवलेली. आणि वजन? साडेदहा पौंड. म्हणजे पावणेपाच किलो! आपल्याकडे कॉलनीत कलिंगडं विकायला येतात, त्यातलं एखादं मोठं त्याहून जड भरेल. आणि या होडीतून १८८३ साली एक माणूस ॲडिराँडॅकमधून २६६ मैल फिरून आला होता. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता.

त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधला. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावात तो जोडे शिवायचा, आणि 'नेसमक' या नावाने 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' साप्ताहिकात लिहायचा. हे नाव त्याने लहानपणीच्या एका निपमक जमातीच्या मित्राकडून घेतलं, अर्थ रानबदक. उंची सव्वापाच फूट, वजन ११२ पौंडांच्या आत, म्हणजे पन्नासएक किलो. त्यात क्षय आणि दमा.

त्या काळात ॲडिराँडॅकला जाणारे बहुतेक शहरातले पैसेवाले. ते वाटाड्या ठेवत. वाटाडा आपली सोळा-सतरा फुटांची गाइडबोट वल्हवत त्यांना तळ्यातळ्यांतून फिरवी, मध्ये जमीन लागली की ती डोक्यावर घेऊन चाले, रात्री स्वयंपाकही करी. सिअर्सकडे वाटाड्याला द्यायला पैसे नव्हते, आणि वाटाड्याची बोट स्वतः उचलायला अंगात जोर नव्हता. म्हणून त्याने कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या होडी बांधणाऱ्याला पत्र लिहून हलकी होडी मागवली. १८८० ची पहिली सुमारे १८ पौंडांची. १८८१ ची 'सुझन निपर' १६ पौंडांची. मग ही साडेदहा पौंडांची सेअरी गँप. नाव डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट'मधल्या दारूबाज नर्सवरून. ती बाई कधी पाणी घेत नाही, आणि ही होडीही पाणी घेत नाही, असा त्याचा विनोद. (हा विनोद मराठीतही जसाच्या तसा चालतो याची मला फार गंमत वाटली.) माणूस बुडण्यासाठी होडी किती हलकी लागते ते शोधतोय, असंही तो लिहायचा. रश्टनने त्याला थट्टेने बजावलं होतं, की आता याहून लहान मागू नकोस, कंटाळा आला तर हिच्यात सूप वाढून घे. त्याने ऐकलं नाहीच. पुढे आणखी एक घेतली, साडेआठ फुटांची, दहा पौंडांच्याही आतली.

म्युझियममध्ये त्या होडीपुढे उभं राहून मला काय वाटलं असेल? प्रेरणा वगैरे? छे. मला लाज वाटली. पन्नास किलोचा, फुप्फुसं खराब झालेला म्हातारा २६६ मैल जातो आणि आपण तिसऱ्या वल्ह्याला पाण्यात. मी घरी येऊन सकाळचे पोहे बंद केले. (ते किती दिवस टिकलं हे आईने कृपया कॉमेंटमध्ये लिहू नये :))

पण डोक्यात विषय बसला होता, म्हणून वाचत राहिलो. सेअरीच्या आधीचे लोक कुठल्या होड्यांतून जात होते? जॉन मॅकग्रेगर नावाचा स्कॉटिश वकील १८६५ साली एकटाच युरोपातल्या नद्यांमधून फिरला. एकट्याने कनूतून प्रवास करायची सुशिक्षित शहरी हौस सुरू झाली ती त्याच्या पुस्तकामुळे. त्याची 'रॉब रॉय' १५ फूट लांब, २८ इंच रुंद, आणि वजन ८० पौंड. १५ फूटच का? तर जर्मन रेल्वेच्या डब्यात मावावी म्हणून! पाण्याचा काही संबंध नाही, आगगाडीचा आहे. मग नथॅनियल बिशप. हा १८७४ साली क्विबेकहून मेक्सिकोच्या आखाताकडे निघाला तो १८ फुटांच्या, ३०० पौंडांच्या लाकडी होडीतून, सोबत मदतनीस घेऊन. ट्रॉय गावी पोचल्यावर त्याने ती सोडली आणि कागदाची कनू घेतली. हो, कागदाची! लगदा नव्हे, कागदाचे थर चिकटवून वरून वॉर्निश केलेली, १४ फूट, ५८ पौंड. तिच्यातून उरलेला प्रवास त्याने एकट्याने केला.

तीन माणसं, तीन होड्या. एकाचं माप रेल्वेने ठरवलं, एकाचं लांबच्या पल्ल्याने, एकाचं अशक्त शरीराने. मॅकग्रेगरला ८० पौंड चालले, कारण त्याची होडी गाडीत आणि हमालाच्या डोक्यावर जात होती. बिशपला दिवसेंदिवसाचं सामान न्यायचं होतं. आणि सिअर्स? त्याचं उन्हाळ्यातलं सगळं ओझं, होडी, ब्लँकेट, दोन दिवसांचा शिधा, कुऱ्हाड, गळ आणि पिशवी धरून, २६ पौंडांच्या आत असायचं. म्हणजे माणूस, होडी, सामान मिळून ६३ किलोच्या आसपास. मी सामान न घेता, होडी न घेता, नुसता उभा राहिलो तरी त्याच्या जवळजवळ दुप्पट.

इथे मला शाळेतला आर्किमिडीज आठवला आणि वही घेऊन बसलो. होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, तेवढीच बुडते. सेअरीच्या आकाराची होडी माझ्या कच्च्या हिशेबाने दर २८-३० किलोंना इंचभर खाली जाईल. सिअर्स आणि त्याचं सामान म्हणजे सव्वादोन-अडीच इंच. सहा इंचांतून साडेतीन इंच काठ वर उरला. तळ्यावर तेवढा पुरे, तोही जपून. माझे ११८, होडीचे ५, सामानाचे १८ धरले तर पावणेपाच-पाच इंच पाण्याखाली. वर इंचभर काठ. शिंकलो तरी पाणी आत! त्यात मी उंच. माणूस उंच आणि वरच्या अंगाने जड असला की वजनाचं केंद्र वर जातं, आणि होडी कलायला निमित्त पुरतं. म्हणजे त्या दिवशी मी तिसऱ्या वल्ह्यापर्यंत टिकलो हीच कमाल होती.

आणि मग ती गोष्ट लक्षात आली, जी म्युझियममध्येच यायला हवी होती. सिअर्स जोडे शिवणारा होता. रश्टनसुद्धा होड्या बांधण्याआधी कँटनमध्ये जोड्यांच्या दुकानात कामाला होता. जोडा पायाच्या मापाने करतात. जोडा बसत नाही म्हणून पाय लहान करून या असं कुठला चांभार सांगतो का? सिअर्सने पत्र लिहून आपलं माप दिलं आणि त्या मापाची होडी आली. सेअरी गँप हा जगातल्या उत्तम होडीचा आकडा नाहीच. तो एका पन्नास किलोच्या आजारी माणसाच्या जोड्याचा नंबर आहे. मी त्यात पाय घालून बघत होतो, आणि वर पायाला नावं ठेवत होतो.

त्याहून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सिअर्स बरा व्हायची वाट बघत बसला नाही. त्याला क्षय होता, आणि क्षयाला तेव्हा औषध नव्हतं. छाती सुधारली की वाटाड्याची बोट उचलीन असं तो म्हणाला असता तर १८९० साली वेल्सबरोमध्येच, एकही तळं न बघता मेला असता. मेला १८९० सालीच, पण आधी तळी बघून घेतली. रश्टनचंही तसंच. तब्येत खालावली होती, जंगलात जाऊन राहायचं होतं, म्हणून १८७३ साली स्वतःला उचलता येईल अशी एक हलकी होडी त्याने बांधली. ती बघून लोक मागायला लागले, आणि धंदा उभा राहिला. हलक्या कनूचा हा सगळा इतिहास दोन आजारी माणसांनी शरीर आहे तसं धरून चालल्यामुळे घडला. आणि मी त्यातून घेतलं काय? पोहे बंद!

असो. शहाणपण आलं म्हणून होडी लगेच मिळाली असं नाही. आधी उलटी चूक केली. लहान होडी नको ना, मग मोठी घेऊ. एका मित्राकडे जुनी सतरा फुटी ॲल्युमिनियमची कनू होती. या जातीचीही गोष्ट आहे. ग्रुमन ही लढाऊ विमानं बनवणारी कंपनी. १९४४ साली तिचे एक अधिकारी विल्यम हॉफमन ॲडिराँडॅकमध्येच सुट्टीवर असताना जड कनू वाहून वैतागले, आणि विमानाच्या पत्र्याची कनू करता येईल असं त्यांच्या डोक्यात आलं. युद्ध संपताना विमानांची मागणी आटणार होती, कारखान्याला काम हवंच होतं. त्या कनू अमेरिकेत घरोघरी, कॅम्पोकॅम्पी पोचल्या. पण त्या दोघांच्या. मापही पुन्हा माणसावरून नाही, कुटुंबावरून आणि कारखान्यावरून. एकट्याच्या कनूचे दिवस परत आले ते १९७० नंतर, फायबरग्लास आणि केव्हलार आल्यावर.

तर मी एकटा त्या सतरा फुटी कनूच्या मागच्या बाकावर बसून लेक जॉर्जवर गेलो. माझ्या बाजूने होडी खाली, समोरचं टोक हवेत. वारा आला आणि त्या टोकाला धरून त्याने मला वातकुक्कुटासारखं फिरवलं. अर्धा तास मी तळ्यावर गोल गोल फिरत होतो. धक्क्यावर या वेळी पोरं नव्हती एवढंच नशीब. तेव्हा कळलं की वजनदार माणसालाही होडी वाट्टेल तेवढी मोठी चालत नाही. रिकामी होडी वाऱ्याची होते.

कॅनडातले लोक यावर फार पूर्वीपासून एक युक्ती करतात. दोघांच्या कनूत पुढच्या बाकावर उलटं बसायचं, म्हणजे आपण मध्याच्या जवळ येतो, किंवा मध्येच गुडघे टेकून एका बाजूला होडी थोडी कलती ठेवायची. बिल मेसन हा कॅनडाचा चित्रकार आणि फिल्म करणारा माणूस सोळा फुटी 'चेस्टनट प्रॉस्पेक्टर' एकटा अशीच चालवायचा, आणि त्याच्या फिल्म बघितल्या तर ते लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं दिसतं. मीही करून पाहिलं. वीस मिनिटांत गुडघ्यांनी संप केला. आणि एक साधी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: मोठ्या माणसाचे पायही मोठे असतात. गुडघे टेकल्यावर पाय बाकाखाली जातात, आणि माझे बूट तिथे अडकले. होडी उलटली आणि पाय निघाला नाही तर? हा विचार आला आणि मी तो प्रकार सोडला.

मग मात्र शिंप्याकडे जावं तसं माप घेऊन निघालो. वहीत लिहिलं: माणूस ११८, सामान १८, कुठेही अर्धा मैल उचलायची तयारी, गुडघे नाहीत, पाय अकरा नंबर. कंपन्यांच्या तक्त्यात कमाल भार म्हणून जो आकडा असतो त्यावर मी जात नाही. तो बुडायच्या आधीचा आकडा. होडी नीट कुठल्या वजनात चालते ते विचारायचं, आणि आपलं सगळं मिळून वजन त्या पट्ट्याच्या मधोमध आलं तर बघायला जायचं. दुकानदार चांगला असेल तर पाण्यावर सोडून बघू देतो. मी प्लॅस्टिकचे कॅन पाण्याने भरून सामानाइतकं वजन आत ठेवलं, आत बसलो, आणि बायकोला पट्टी घेऊन मध्यावरचा उरलेला काठ मोजायला लावलं. (तिने मोजला. तिचा चेहरा वर्णन करत नाही.) चार होड्या अशा मोजल्या. एकीत बाक उंच होता. बाक इंचभर खाली घ्यायला सांगितला तर होडी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. एक इंच! रुंदी वाढवून जेवढा फरक पडला नसता तेवढा त्याने पडला.

शेवटी घेतली ती साडेपंधरा फुटांची, ३० इंच रुंद, केव्हलारची, दुसऱ्याने वापरलेली. वजन ३८ पौंड, म्हणजे सतराएक किलो. सेअरी गँपच्या साडेतीन पटींहून थोडी जास्त. हिशेबाने दर पन्नासएक किलोंना इंचभर खाली जाते, त्यामुळे माझ्यासकट वर आठ इंच काठ राहतो. घेताना मनात थोडं आलंच, सिअर्स पावणेपाच किलो उचलत होता आणि आपण सतरा. मग सरळ भागाकार केला. त्याची होडी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. माझी माझ्या वजनाच्या सातव्या. फार मागे नाही हो मी!

त्याच भागात ओल्मस्टेडव्हिलला पीटर हॉर्नबेक नावाचे गृहस्थ रश्टनच्या त्या छोट्या होड्यांवर बेतलेल्या केव्हलारच्या होड्या बनवायचे. ते २०२० मध्ये गेले. क्रिस्टीन जेरोम ही लेखिका १९९० साली तसल्याच एका केव्हलारच्या प्रतिकृतीतून सिअर्सच्या वाटेने गेली, आणि १९९४ मध्ये तिचं त्यावर पुस्तक आलं. पण हॉर्नबेकनी नऊ फुटांवर हट्ट धरला नाही. तोच घाट त्यांनी वेगवेगळ्या लांबीत केला, गिऱ्हाईक बघून. हे वाचलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं.

गेल्या सप्टेंबरात मी एकटा फॉर्क्ड लेकवर गेलो. सिअर्सही त्याच तळ्यावरून गेला होता. सकाळी पाणी स्थिर होतं, काठ आठ इंच वर, बूट मोकळे. खांद्यावरून आणताना दोनदा थांबलो, दम खाल्ला, कुणाला घाई नव्हती. वजन तेव्हा ११७ होतं. किलोभर उतरलं होतं हे आईसाठी मुद्दाम नोंदवतो. डॉक्टरांचं म्हणणं मी सोडलेलं नाही, चालणं चालू आहे. फक्त तळ्यांना आता त्यासाठी थांबवून ठेवत नाही.

मामाला फोनवर सगळं सांगितलं. तो मालवणचा, होडीतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ह्या सगळा बरा. पण तिका एक उलांडी लाव रे!"

फोटो पुढच्या वेळी. सगळे पूर्ण उंचीचे असतील.